चौकातला तांब्या: रोजच्या वस्तूंच्या शिल्पांविषयी बडोद्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आम्ही काही बडोदेकर मराठी मंडळी काळ्या घोड्यापाशी (सयाजीरावांच्या घोड्यावरच्या पुतळ्यापाशी) जमतो आणि सयाजीबागेच्या कडेने शिल्पं बघत फिरतो. मी शिल्पकला शिकले, नंतर मकरपुऱ्यात फॅब्रिकेशनच्या एका शेडमध्ये बरीच वर्षं काम केलं, म्हणून बोलायचं काम माझ्याकडे येतं. लाटणं, चमचा, बादली, सायकल असल्या वस्तूंच्या शिल्पांचा विषय निघाला की दर वेळी तेच प्रश्न येतात. ते इथे उत्तरांसकट लिहून ठेवले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. तिथे माझा जीव गुंतलेला आहे.

रोजच्या वस्तूंचं शिल्प म्हणजे नेमकं काय?

हाताखालची, सवयीची वस्तू घ्यायची, तिचं माप, सामान, जागा नाहीतर संख्या बदलायची आणि ती सगळ्यांच्या वाटेवर उभी करायची. कधी कलाकार ती वस्तू नव्याने घडवतो: कपडे वाळत घालायचा चिमटा चारमजली उंच होतो. कधी खऱ्याच वस्तू शेकड्यांनी जोडतो: डबे, पराती, कळशा मिळून एक झाड होतं. कधी जुन्या बसला पंख लागतात.

बघणाऱ्याने स्वतःला एकच विचारावं. घरी गेल्यावर ती खरी वस्तू उचलताना आपला हात क्षणभर थांबला का? थांबला असेल तर शिल्प जमलं.

नुसतं मोठं केलं की शिल्प होतं का?

नाही होत. आणि हाच या विषयातला कळीचा मुद्दा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या सिटी हॉलसमोर शिल्पकार क्लेस ओल्डेनबर्गने १९७६ साली कपड्यांचा चिमटा उभा केला, ४५ फूट उंच. चिमट्याचे दोन अर्धे एकमेकांना बिलगून उभे आहेत आणि मधली स्टीलची स्प्रिंग त्यांना मिठीसारखी धरून आहे. ब्रँकुशी या आधीच्या पिढीतल्या शिल्पकाराचं एकमेकांत मिसळलेल्या जोडप्याचं दगडी शिल्प त्याच शहरातल्या संग्रहालयात आहे, आणि ओल्डेनबर्गने स्वतःच आपल्या चिमट्याचं नातं त्याच्याशी जोडलं होतं. स्प्रिंगच्या वळणात ७६ हा आकडाही दिसतो. ते वर्ष अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं दोनशेवं वर्ष. आता विचार करा, चिमट्याचं काम काय? दोन गोष्टी धरून ठेवणं. शिल्पाचा सगळा अर्थ वस्तूच्या कामातूनच उगवला आहे, वरून काही चिकटवावं लागलेलं नाही.

मिलानमधलं उदाहरण मला याहून आवडतं. कादोर्ना रेल्वे स्थानकासमोरच्या चौकात ओल्डेनबर्ग आणि त्याची पत्नी कूस्ये वान ब्रुगेन यांनी २००० साली सुई-दोरा उभा केला. सुई जमिनीत घुसलेली, दोरा तिच्याभोवती वळसे घेत खाली गेलेला, आणि चौकाच्या दुसऱ्या बाजूला कारंज्यात त्याची गाठ वर आलेली. मिलान म्हणजे कपड्यांचं, शिवणकामाचं शहर. दोऱ्याचे रंग तिथल्या मेट्रोच्या मार्गांचे आणि मेट्रो जाते जमिनीखालून, दोऱ्यासारखीच. शिवणाऱ्या बाईला जे टाक्याबद्दल माहीत असतं, खाली गेलेला दोरा कुठेतरी वर यायचाच, ते त्या चौकात दिसतं.

आता आपल्याकडच्या कुठल्याही शहरातली किटली आठवा. चौकात बारा फुटी किटली, शेजारी कप, खाली देणगीदाराची पाटी. ती किटली ओतत नाही, तिला वाफ नाही, तिच्या कानाला कुणाचा हात कधी लागला असेल असं वाटत नाही. ती फक्त मोठी आहे. मी विद्यार्थ्यांना तांब्या करायला द्यायचे तेव्हा आधी आठवडाभर घरातल्या तांब्यानेच पाणी प्यायला सांगायचे. कंठाला अंगठा कुठे अडकतो, पोटाला बोटं कुठे टेकतात, बूड रोजच्या घासण्याने कुठे झिजलंय, हे हाताला कळल्याशिवाय दहा फुटी तांब्या करायला घेऊ नये.

हे परदेशी खूळ आहे. आपल्याकडे असं कुठे होतं?

हा प्रश्न विचारणाऱ्या काकूंकडे दर भाद्रपदात खड्यांच्या नाही, उभ्या गौरी असतात. गौरीचं धड कशाचं असतं? कुठे मडक्यांची उतरंड, कुठे धान्याने भरलेली कोठी, कुठे एकावर एक ठेवलेले डबे. वर मुखवटा चढतो, साडी नेसवली जाते, आणि कालपर्यंत ज्वारी साठवणारा डबा माहेरवाशीण होऊन उभा राहतो. त्या काकूंना साडीची चूण कुठे घेतली की डब्याची कंबर होते हे उत्तम माहीत आहे. शिल्पाच्या वर्गात आम्हाला तेच शिकायला दोन वर्षं लागली.

गुढी बघा. वेळूची काठी, खण, कडुलिंबाचा डहाळा, साखरेची गाठी आणि वर उपडा तांब्या. पाण्याचं भांडं उपडं झालं की त्याचं पाणी भरायचं काम संपतं आणि उभ्या काठीला माथा येतो. पाच साध्या गोष्टी, एक सुतळी, आणि दारात कुणीतरी उभं असल्याचा भास. शेजारच्या गुजराती घरात नवरात्रात गरबो असतो: भोकं पाडलेलं मातीचं मडकं, आत दिवा. सार्वजनिक गणपतीत वाट्यांचे, नारळांचे, पेन्सिलींचे गणपती आपण लहानपणापासून रांग लावून बघत आलो.

तेव्हा नजर आपल्याकडे आहेच. फरक इतकाच की गौरी तिसऱ्या दिवशी जातात, डबा पुन्हा फडताळात जातो. चौकातलं शिल्प ऊनपावसात तसंच राहतं, आणि त्याच्या मागे देवाचं नाव नसतं. त्याला मान मिळवायचा तर तो फक्त घडणीच्या जोरावर.

पश्चिमेत याची सुरुवात कुठून झाली?

थोडक्यात सांगायचं तर १९१३ मध्ये मार्सेल द्युशाँने स्टुलावर सायकलचं चाक बसवलं आणि १९१७ मध्ये मुतारीचं भांडं आडवं करून 'फाउंटन' या नावाने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला पाठवलं. प्रदर्शनाने ते मांडलं नाही. १९४२ मध्ये पिकासोने सायकलचं सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. माझ्या मते सायकलच्या दुकानात काम करणाऱ्या प्रत्येक मुलाला ते एकदा दाखवायला हवं. ही कामं दालनांतली होती. वस्तूला रस्त्यावर, लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आणण्याचं मोठं काम साठ-सत्तरच्या दशकांपासून ओल्डेनबर्गने केलं.

भारतात कुणी केलंय?

सुबोध गुप्ता हे नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. १९६४ साली बिहारमधल्या खगौलला जन्मलेला हा कलाकार स्टीलच्या भांड्यांमधून काम करतो: डबे, ताटं, बादल्या, चिमटे, म्हणजे आपल्या लग्नाच्या आहेरातली भांडी. 'लाइन ऑफ कंट्रोल' हे २००८ चं काम म्हणजे भांड्यांचा उसळलेला अणुस्फोटाचा ढग आहे. जेवणाची भांडी आणि विनाशाचा आकार एकत्र आल्यावर पोटात खड्डा पडतो. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या हिरवळीवर त्याचा स्टीलचा वड आहे, फांद्यांना पानांच्या जागी भांडी. त्याचं नाव 'दादा'. आजोबांच्या जागी असलेलं झाड आणि घरभर पसरलेला संसार, दोन्ही त्यात आहे.

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात सुदर्शन शेट्टीची पंखवाली डबल डेकर बस आहे, २०१२ ची. बेस्टच्या वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची जागा मिळवण्यासाठी जे कधी धावले असतील त्यांना ते पंख कशाचे हे समजवावं लागत नाही.

आणि नेकचंद. चंडीगढमध्ये सरकारी बांधकाम खात्यात रस्त्यांवर देखरेख करणारा हा माणूस १९५७ च्या सुमारापासून जंगलाच्या जागेत गुपचूप काम करत होता. फुटक्या बांगड्या, तुटलेल्या कपबश्या, विजेचे सॉकेट, सायकलींचे भाग यांतून त्याने माणसं, प्राणी, नर्तकी केल्या. सरकारला पत्ता लागला तेव्हा ते पाडायचं घाटत होतं, पण लोक मधे पडले आणि १९७६ मध्ये ती बाग सगळ्यांसाठी उघडली. बांगड्यांच्या काचांचा पदर ल्यालेल्या त्या बायका मी पहिल्यांदा बघितल्या तेव्हा माझ्या मनगटाकडे हात गेला.

बडोद्याचा याच्याशी काय संबंध?

फार जवळचा. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं ते हाताने काम करणाऱ्यांसाठी. १९४९ साली विद्यापीठ झालं, पाठोपाठ ललित कला विद्याशाखा आली. शिल्प विभागाची घडी शंखो चौधरी यांनी बसवली. चित्रकार के. जी. सुब्रह्मण्यन इथे शिकवायला आले आणि त्यांनी शिक्षक-विद्यार्थ्यांना फाइन आर्ट्सच्या जत्रेसाठी खेळणी करायला लावली: लाकडाचे तुकडे, मणी, चामडं, दोरी, जे हाताशी असेल ते. मोठमोठे चित्रकार-शिल्पकार बसून माकडं आणि वाघ करत, आणि बडोदेकर ते विकत घेत. साध्या वस्तूकडे आदराने बघायची शिस्त या गावाला तिथून लागली असं मी मानते.

त्याच विद्याशाखेतून मृणालिनी मुखर्जी शिकल्या, ज्यांनी तागाच्या दोरीला गाठी मारत माणसापेक्षा उंच आकार उभे केले. जी. रविंदर रेड्डी इथलेच, वेणी-गजऱ्यातल्या बाईचं प्रचंड सोनेरी मस्तक करणारे. ध्रुव मिस्त्री इथे शिकून इंग्लंडला गेले. बर्मिंगहॅमच्या व्हिक्टोरिया स्क्वेअरमध्ये १९९३ साली खुलं झालेलं कारंजं त्यांचं आहे.

शिवाय हे गाव पत्ता सांगतंच शिल्पांवरून. काळा घोडा म्हणजे घोड्यावरचे सयाजीराव. गेंडा सर्कल. चकली सर्कल. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना 'चकली सर्कलला उतरा' म्हटलं की भाजणीची चकली डोळ्यांसमोर येते; गुजरातीत चकली म्हणजे चिमणी. मला मात्र मनापासून वाटतं की दांडिया बाजाराच्या आसपास कुठेतरी पितळी सोऱ्याचं एक शिल्प असावं, ताटलीएवढा वेढा घालणारं. या गावातल्या मराठी स्वयंपाकघरांचं ते खरं स्मारक होईल.

बघायला कुठे जावं?

विद्याशाखेच्या आवारात. शिल्प विभागाच्या अंगणात विद्यार्थ्यांची अर्धी-पूर्ण कामं उघड्यावर असतात. आधी विचारून जा, आणि वार्षिक प्रदर्शन असेल तेव्हा नक्की जा. तुलनेसाठी लक्ष्मीविलास राजवाड्यात फेलिची या इटालियन शिल्पकाराची जुनी शिल्पं बघून या. शंभर-सव्वाशे वर्षांत शिल्पाचा विषय कुठून कुठे आला ते एका सकाळीत समजतं.

फतेहगंजच्या वडाचं काय झालं?

नागजी पटेल (१९३७–२०१७) हे दगडाचे माणूस. त्यांनी फतेहगंजच्या चौकात वडाची दोन दगडी झाडं उभी केली होती, खांबासारखी. बडोदे या नावातच वड आहे, त्यामुळे ते शिल्प म्हणजे गावाने आरशात पाहिल्यासारखं होतं. रोज कामावर जाताना मी तिथून जायचे. सकाळी एका बाजूचा दगड गुलाबी व्हायचा, संध्याकाळी दुसऱ्या. उड्डाणपुलाचं काम आलं आणि वड काढले गेले.

वाहतुकीची गरज मी नाकारत नाही. पण ते काढताना जे लोक हळहळले, त्यातले बरेचजण कधी कुठल्या दालनात गेलेले नव्हते. रिक्षावाले होते, फुलवाले होते. शिल्प रोजच्या वाटेवर असलं की ते वस्तूसारखंच सवयीचं होतं आणि गेल्यावर घरातला पाट हलवल्यासारखी जागा रिकामी दिसते. दिल्लीतला भांड्यांचा वड मी पाहिला तेव्हा मला फतेहगंजच आठवलं.

कायद्याबद्दल लोक विचारतात, तर तेही सांगते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमाने कलाकाराला, काम विकून झाल्यावरही, त्याची मोडतोड किंवा विटंबना झाली तर दाद मागायचा हक्क दिला आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं प्रचंड ब्राँझ भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकलं गेलं होतं. ते कोर्टात गेले आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अवशेष त्यांना परत द्यायला लावले, वर पाच लाखांची भरपाई. म्हणून कुठलंही शिल्प उभं करताना करारात एक ओळ हवीच: हलवायची वेळ आली तर कलाकाराला आधी कळवायचं, आणि कुठे हलवायचं ते आधीच ठरवायचं.

भंगाराचा सिंह आणि हे एकच का?

सामान एकच, हेतू वेगळा. भंगाराच्या सिंहात गिअर, साखळ्या, नटबोल्ट यांनी सिंह दिसायचं काम करायचं असतं. सिंह जितका हुबेहूब तितकी साखळी नाहीशी होते. दिल्लीत २०१९ मध्ये सुमारे १५० टन भंगारातून जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती केल्या, तिथेही गंमत तीच: लांबून ताजमहाल, जवळून पाइप. कारागिरी कौतुकाची आहे, वेल्डरांचा हात दिसतो. पण मी ज्या शिल्पांबद्दल बोलते त्यांत वस्तूने स्वतःचं असणं सोडायचं नसतं. पिकासोचा बैल बघताना सीट सीटच राहतं आणि तरी बैल होतो. दोन्ही एकाच वेळी दिसणं, तिथे खरी मजा आहे.

चप्पल, झाडू, मुतारी असल्या वस्तूंचं शिल्प करणं हा अपमान नाही का?

वस्तूंना वर-खाली लावणारे आपण. एन. एन. रिमझोन या बडोद्यात शिकलेल्या केरळी शिल्पकाराने १९९५ मध्ये मातीची मडकी आणि झाडू ओळीने मांडून एक काम केलं. ज्या माणसांची थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडकं आणि पाऊल पुसावं म्हणून कमरेला झाडू बांधायला लावला, त्यांचा तो इतिहास आहे. पेशवाईच्या पुण्याबद्दल आपण मराठी माणसांनी हे ऐकलेलं आहे. त्या मडक्यांपुढे गप्प उभं राहावं लागतं. झाडू हलकी वस्तू आहे असं त्यानंतर मला कधी म्हणता आलं नाही.

चौकातच का? बागेत का नको?

बागेतही चालेल, उलट अनेकदा बागच बरी. जानेवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की रस्ते, फुटपाथ अशा सार्वजनिक वापराच्या जागांवर नवे पुतळे किंवा बांधकामं उभी करायला राज्यांनी परवानगी देऊ नये. त्यामुळे नव्या कामांसाठी बाग, स्टेशनचं किंवा कॉलेजचं आवार, तळ्याचा काठ असा विचार करावा लागतो. तसंही गोल सर्कलच्या मधोमध ठेवलेल्या शिल्पाजवळ पायी जाताच येत नाही. रोजच्या वस्तूचं शिल्प हाताच्या अंतरावर हवं.

एवढं मोठं भांडं बनतं कसं?

घरातला तांब्या घेऊ. उंची २० सेंटिमीटर, वजन ४०० ग्रॅम, पत्रा साधारण एक मिलिमीटरचा. तो तीन मीटर उंच करायचा, म्हणजे पंधरापट. लोक म्हणतात, मग वजन पंधरापट, सहा किलो. तसं नाही. पृष्ठभाग वाढतो पंधरा गुणिले पंधरा, म्हणजे २२५ पट. पत्रा तेवढाच पातळ ठेवला तरी ९० किलो झाले. पण तीन मीटरच्या भांड्याला एक मिलिमीटरचा पत्रा कागदासारखा वाकतो. तीन मिलिमीटरचा घेतला की २७० किलो. पत्र्याची जाडीही पंधरापट केली तर १३५० किलो. म्हणून आतून सांगाडा करायचा आणि पत्रा पातळ ठेवायचा.

मग वारा. बांधकामाच्या भारतीय मानकात बडोद्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. त्या वेगाला एका चौरस मीटरवर साधारण ११८ किलोचा रेटा येतो. दोन मीटर रुंद तांब्याचं पोट तो सगळा रेटा झेलतं आणि कंठाशी, बुडाशी पिळवटतं. वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट. त्यामुळे शिल्पकाराइतकाच स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो, आणि जे चौथऱ्यावर दिसतं त्याहून जास्त काम चौथऱ्याखाली असतं. विश्वामित्रीला पूर येतो हे इथल्या कुणाला सांगायला नको; तिच्या जवळची जागा असेल तर पाया आणि दिव्यांची वायरिंग दोन्ही पाणी चढेल असं धरूनच करायची.

पत्र्याला तांब्याच्या पोटाचा बाक आणणं हे सगळ्यात अवघड. कलिंगडाच्या फोडींसारख्या पट्ट्या कापतात, रोलिंग मशिनवर एका दिशेने वळवतात, दुसऱ्या दिशेचा बाक ठोकून काढतात. मग आर्गन वेल्डिंग, ग्राइंडर, बफिंग. मकरपुऱ्यात केमिकल कंपन्यांच्या टाक्या करणारे कारागीर आहेत, त्यांच्या हाताला हा बाक माहीत असतो. आमच्या शेडमधले एक मिस्त्री पत्र्यावर तळवा फिरवून अर्ध्या मिलिमीटरचा उंचवटा सांगायचे. अशा शिल्पाच्या पाटीवर त्यांची नावं क्वचित येतात. यायला हवीत.

गंजणार नाही का?

सामानावर आहे. स्टेनलेसमध्ये ३०४ हे रोजचं, १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलचं. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते खारट किंवा रसायनांच्या हवेत जास्त टिकतं. वेल्डिंगच्या बाजूला निळसर-तपकिरी डाग राहिला आणि पिकलिंग पेस्टने, म्हणजे आम्लाच्या लेपाने, काढला नाही तर स्टेनलेसही तिथूनच गंजायला लागतं. ओल्डेनबर्गचा चिमटा कॉर-टेन पोलादाचा आहे. या पोलादावर गंजाचा घट्ट थर बसतो आणि तोच पुढच्या गंजाला अडवतो. मात्र कुठे पाणी साचलं तर हा हिशेब फिसकटतो, आणि खालच्या फरशीवर तपकिरी ओघळ येतात. फायबरग्लास हलकं, स्वस्त, पण आपल्या उन्हात रंग उडतो.

दोन धातू एकमेकांना टेकवताना मात्र जपा. सुरुवातीच्या काळात आम्ही एका आवारासाठी जुन्या पितळी पराती ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर बसवल्या होत्या. दोन पावसाळ्यांत परातींखालचं ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडायला लागलं, कारण ओलाव्यात पितळ आणि ॲल्युमिनियम भेटले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मधे नायलॉनचे वॉशर घातले असते तर टळलं असतं. चूक आमची होती. पराती उतरवून सगळं नव्याने केलं.

एवढ्या पैशांत रस्ता झाला असता.

रस्ता हवाच. पण हा प्रश्न किटलीबद्दल जास्त विचारला जातो आणि सुई-दोऱ्याबद्दल कमी, असा माझा अनुभव आहे. वाईट शिल्पावरचा खर्च खरोखरच वाया जातो. महापालिकेला विचारायचं तर असं विचारा: कलाकार कसा निवडला, आणि दहा वर्षं धुण्यापुसण्याचे पैसे कुठून येणार? मिनिआपोलिसच्या बागेत चमच्यावर चेरी ठेवलेलं १९८८ चं प्रसिद्ध शिल्प आहे. त्या चेरीचा लाल रंग वेळोवेळी नव्याने द्यावा लागतो. त्याची तजवीज नसती तर आज ती चेरी फिकट गुलाबी असती.

मुलांना हात लावू द्यावा का?

चढू देऊ नका, हात लावू द्या.

फोटो काढून छापता, विकता येतो का?

सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचा फोटो किंवा चित्र काढायला आपला कायदा मोकळीक देतो. त्याच्या छोट्या मूर्ती करून विकायच्या असतील तर ती मोकळीक लागू होत नाही. शिल्पकाराची, आणि त्याच्या पश्चात ६० वर्षं वारसांची परवानगी लागते. फोटोखाली शिल्पकाराचं नाव लिहा. 'चौकातला गेंडा' एवढंच लिहून सोडून देऊ नका.

घरी मुलांबरोबर काय करता येईल?

सुट्टीत एक वस्तू निवडा. आमच्याकडे नात आली की आम्ही किसणी घेतो. पहिल्या दिवशी ती डोळे मिटून हाताळायची आणि बोलायचं: काय टोचतं, काय गार लागतं. दुसऱ्या दिवशी मातीत तिचा ठसा घ्यायचा. तिसऱ्या दिवशी पुठ्ठ्याची, मुलाच्या उंचीएवढी किसणी. भोकं पाडली आणि मागे दिवा धरला की भिंतीवर चांदणं पडतं. नातीने त्याला 'गाजराचं आकाश' नाव दिलं. त्यात मी काही दुरुस्त केलं नाही.

आमच्याकडे जुनी तांब्यापितळेची भांडी पडून आहेत. शिल्पासाठी देता येतील का?

येतील, पण मोडीत काढल्यासारखी एका पोत्यात भरून आणू नका. आधी प्रत्येक भांडं उलटसुलट करून बघा. आपल्या घरांत भांड्यांवर नावं घालायची पद्धत होती: काठाला टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव, तारीख, कुणाच्या स्मरणार्थ, कुणाच्या मुंजीत. माझ्या आजीच्या बंबावर तिचं माहेरचं नाव आहे, जे मी दुसरीकडे कुठेच लिहिलेलं पाहिलं नाही. असं नाव असेल तर भांडं द्यायचं की ठेवायचं ते घरात सगळ्यांनी बसून ठरवा. आणि द्यायचं ठरलं तर शिल्पकाराला सांगा की नावाची बाजू बाहेर, वाचता येईल अशी ठेवायची.

सोबत एक चिठ्ठी द्या. भांडं कुणाचं, कुठल्या गावाहून बडोद्याला आलं, त्यात काय शिजायचं. कल्हई केलेली असेल तर तेही लिहा, कारण वेल्डिंग करणाऱ्याला ते आधी कळायला हवं. चिंच-मिठाने घासून लख्ख करू नका, आतला काळा थर तसाच राहू द्या. आणि झाकण असेल तर झाकणासकट द्या.